सभामंडपात आवाज ‘घुमतो’ म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका देवस्थान समितीला सभामंडपासाठी नवा साऊंड घ्यायचा आहे. एकादशीचं भजन, सप्ताह, चवथीच्या दिवसांत घुमट आरती, उत्सवाला संगीत नाटक, सगळं याच सेटवर व्हायचं. दोन दुकानदारांनी डेमो दिला. एकाने सांगितलं, आमचा आवाज ‘वॉर्म’. दुसऱ्याने सांगितलं, आमच्यात ‘पंच’ आणि ‘क्लॅरिटी’. समितीतल्या एकांना बेस हवा आहे, बुवांची तक्रार आहे की आवाज घुमतो, पखवाजवाले म्हणतात थाप बसत नाही, आणि तरुण मंडळी ‘एअर’ नाही म्हणून नाराज आहेत. विचारणाऱ्यांना जाणून घ्यायचं आहे की या शब्दांना काही अर्थ आहे का, की जो तो मनाला येईल ते बोलतो. आणि अर्थ असेल तर त्यावरून निवड कशी करायची.

अर्थ आहे. मी फोंड्याकडे राहतो. नाटकं, भजनं आणि थोडंफार रेकॉर्डिंग, एवढ्यावर माझं पोट चालतं, आणि या कामात मला यंत्रांइतकाच उपयोग अशा शब्दांचा झालेला आहे. बुवांना जे ऐकू येतं ते खरंच ऐकू येत असतं, फक्त त्यांचा शब्द दोन-तीन वेगवेगळ्या दोषांना लागू पडतो आणि ऐकणारा त्यातला भलताच दोष धरून बसतो. म्हणून कोणी काही बोललं की मी आधी तीन गोष्टी तपासतो. कुठला तरी पट्टा, म्हणजे खालच्या, मधल्या किंवा वरच्या सुरांचा भाग, जास्त किंवा कमी आहे असं याला म्हणायचंय का? आवाज वेळेवर उठून वेळेवर थांबत नाही असं म्हणायचंय का? की मुळात नसलेलं काहीतरी आवाजात मिसळलंय, अशी तक्रार आहे?

जवळजवळ प्रत्येक शब्द या तीनपैकी एका घरात जातो. पातळ, जाड, कोंदलेला, नाकातला, टोचणारा हे पहिल्या घरातले. घुमतो, ढिला वाटतो, थाप बसत नाही, शब्द कळत नाहीत हे बहुतेक दुसऱ्या घरातले. फाटतो, चिरतो, खरखरतो, गूं येतं हे तिसऱ्या. पहिल्याचा इलाज इक्वलायझरवर (प्रत्येक पट्टा वेगळा कमी-जास्त करायच्या बटणांवर) होतो, दुसऱ्याचा इमारतीत आणि स्पीकरच्या जागेत, तिसऱ्याचा अॅम्प्लिफायर, वायरी आणि अर्थिंग बघून. घर ओळखायला चुकलात तर लाखभर रुपये घालूनही तक्रार जिथल्या तिथेच राहते. गोव्यातल्या कितीतरी देवळांत मी हेच पाहिलं आहे.

तुमच्या बुवांच्या ‘घुमतो’पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाने होतो.

घुमणं तीन जागी होऊ शकतं. एक, इमारतीत. दोन, स्पीकरमध्ये किंवा त्याच्या जागेमुळे. तीन, माईकच्या तोंडाशी. तिन्हींचा आवाज दुरून ऐकणाऱ्याला सारखाच वाटतो. फरक ओळखायला यंत्र लागत नाही. बुवांना माईकवर साधं बोलायला सांगा, एखादा अभंग वाचायला सांगा, आणि तुम्ही स्पीकरपासून हातभर अंतरावर उभे राहा. तिथे शब्द लख्ख ऐकू आले आणि तुम्ही दहा-पंधरा पावलं मागे गेल्यावर तेच शब्द एकमेकांत मिसळायला लागले, तर दोष सभामंडपाचा आहे. जगातला कुठलाही स्पीकर आणून त्याच जागी ठेवलात तरी त्या मागच्या खांबापाशी तसंच होणार. हातभर अंतरावरसुद्धा आवाज घुमत असेल तर इमारतीला दोष देऊ नका. मग बुवांना माईक तोंडापासून वीतभर लांब धरायला सांगा. लगेच मोकळं वाटलं तर दोष माईक धरण्यात होता. तरीही घुमत राहिला तर स्पीकर किंवा इक्वलायझर.

यातल्या पहिल्याबद्दल जरा खोलात जातो, कारण आपल्याकडे गेल्या काही वर्षांत देवळांचे जीर्णोद्धार झाले आणि जवळपास सगळीकडे खाली ग्रॅनाइट किंवा संगमरवर, वर काँक्रीटचा स्लॅब, बाजूला काचेच्या सरकत्या खिडक्या आल्या. दिसायला सुंदर, पण आवाजाला शोषून घेणारं तिथे काहीच उरलं नाही. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो आणि विरायला फार वेळ घेतो.

हा वेळ मोजायची रीत अमेरिकेत हार्वर्डला वॉलेस सबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवली. तिथल्या एका नव्या व्याख्यान-दालनात प्राध्यापकांचं बोलणंच कळत नव्हतं. सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे नेऊन ठेवल्या, ऑर्गनची नळी वाजवली, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. किती गाद्यांना किती वेळ कमी होतो हे पाहता पाहता त्यांना सूत्र सापडलं. दालनाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि दालनातल्या एकूण शोषणाने (पृष्ठभाग गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग गिळतो तो) भागायचं. जे येतं तेवढे सेकंद आवाज रेंगाळतो, म्हणजे ६० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप), जवळजवळ ऐकू न येण्याइतका, खाली यायला तेवढा वेळ घेतो.

समजा तुमचा सभामंडप २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. घनफळ १००० घनमीटर. जमीन, छप्पर आणि भिंती मिळून पृष्ठभाग ७०० चौरस मीटर. दगड, लाद्या आणि काच आवाजाचा जेमतेम ५ टक्के भाग शोषतात असं धरलं, तर एकूण शोषण ३५ चौरस मीटर. भागाकार केलात तर सुमारे ४.६ सेकंद येतात. म्हणजे ‘रूप पाहता’मधला ‘रू’ अजून हवेत असताना ‘लोचनी’ संपलेलं असतं. बोलणं नीट कळायला एक सेकंदाच्या आसपासचा वेळ चांगला, गाण्याला दीड-दोन सेकंदांपर्यंत चालून जातं.

आता त्याच मंडपात १०० माणसं बसवा. एक माणूस कपड्यांसकट मधल्या पट्ट्यातला आवाज सुमारे अर्धा चौरस मीटर शोषतो. शोषण ३५ वरून ८५ झालं आणि वेळ ४.६ वरून १.९ सेकंदांवर आला. म्हणून दुपारी रिकाम्या मंडपात दिलेल्या डेमोवर कधीच निर्णय घेऊ नका. दुसरी गोष्ट, सबाइन यांच्या हिशोबात उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, कारण त्यातून गेलेला आवाज परत येत नाही. १० चौरस मीटरची दारं-खिडक्या उघडी ठेवलीत तर २० माणसं जास्त बसवल्यासारखं होतं, तेही फुकट. आपले जुने सभामंडप बाजूंनी उघडे असत आणि वर लाकडी माळा किंवा कौलं असत, तिथे माईकशिवाय रात्रभर नाटकं चालत. त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

इमारत बदलता येत नाही म्हणून मग लोक आवाज वाढवतात. त्याने भलतंच होतं. स्पीकरमधून थेट येणाऱ्या आवाजाबरोबर भिंतींवरून परत येणाराही तेवढाच वाढतो, दोघांचं प्रमाण जसंच्या तसं राहतं आणि शब्द होते तेवढेच अस्पष्ट राहतात. उपाय उलटा आहे. स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ आणायचा. मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे डबे उभे करण्यापेक्षा खांबांवर चार-सहा उभे सडपातळ कॉलम स्पीकर लावा, माणसांच्या डोक्यांकडे थोडे झुकवून, कमी आवाजात. कॉलमचा आवाज वर-खाली फार पसरत नाही, त्यामुळे छपराला कमी लागतो. मागच्या जोडीला डिले द्यावा लागतो, कारण आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो आणि १५ मीटर जायला त्याला ४४ मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर मागच्या स्पीकरला दिला नाही तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे लावणारा माणूस डिलेबद्दल काही बोललाच नाही तर दुसरा माणूस बघा.

माईकच्या तोंडाशी होणारं घुमणं सोपं आहे. आपण वापरतो ते बहुतेक हातातले माईक, १९६६ पासून सगळीकडे दिसणारा शुअरचा एसएम ५८ धरून, ओठांच्या अगदी जवळ आणले की खालचा पट्टा फुगवतात. ती त्यांच्या बांधणीतली गोष्ट आहे, बिघाड नव्हे. मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला लो-कटचं, म्हणजे अगदी खालचा पट्टा कापणारं, बटण असतं. गाणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्याच्या माईकवर ते दाबलेलंच ठेवा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास किंवा वर असतो, त्यामुळे ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकल्याने बुवांचं काहीही जात नाही. जाते ती माईक स्टँडची धडधड आणि पंख्याचा वारा.

आता बेस. ‘बेस हवा’ म्हणणाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असू शकतात, आणि दुकानदार नेहमी त्यातली स्वस्त गोष्ट देतो. एक म्हणजे खालचा आवाज नुसता मोठा. दुसरी म्हणजे खालचा आवाज स्वच्छ, ज्यात थाप कुठे पडली आणि कुठे संपली ते कळतं. इंग्रजी मासिकांत ज्याला टाइट बेस म्हणतात तो हा दुसरा. तो दुसऱ्या घरातला शब्द आहे, वेळेच्या घरातला. पखवाजवाले जेव्हा ‘थाप बसत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं, आणि त्यांना बेसचं बटण फिरवून दिलंत तर थाप आणखी बसेनाशी होते.

हे तपासायला आपल्याकडे फार चांगलं साधन आहे. घुमट. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं निमुळतं तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवताना डावा हात त्या उघड्या तोंडावर झाकत-उघडत असतो, आणि त्याबरोबर नाद वर-खाली सरकतो. तुमच्या स्पीकरच्या डब्याला समोर किंवा मागे जे गोल भोक असतं तेही त्याच तत्त्वावर चालतं. आतली हवा आणि भोकातली हवा मिळून एका ठराविक सुरावर डोलतात आणि तिथे बेसला जोर देतात. डबा नीट हिशोबाने केलेला असेल तर तो जोर कळत नाही, नुसता भरीवपणा येतो. हिशोब चुकला असेल तर कुठलाही खालचा सूर दिला तरी डबा आपलाच सूर घुमवतो.

म्हणून डेमोला जाताना घुमट आरतीचं चांगलं रेकॉर्डिंग न्या, किंवा ज्यात डग्ग्यावर मनगट दाबून मींड काढली आहे असं तबल्याचं. डोळे मिटून फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. चांगल्या स्पीकरवर ‘घे’ पडतो, मनगट सरकतं तसा सूर वर चढतो, आणि तो चढ तुम्हाला गुणगुणून दाखवता येतो. वाईट स्पीकरवर मोठा ‘धुम्म’ ऐकू येतो, छातीत जाणवतो, पण चढ गुणगुणता येत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तोच एक ‘धुम्म’ आहे. शेजारी पखवाजवाल्यांना बसवा. ते पहिल्या आवर्तनात सांगतील. स्पीकर कोपऱ्यात असेल तर दोन हात पुढे ओढून पुन्हा ऐका, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात आणि कितीतरी चांगले डबे केवळ कोपऱ्यात ठेवल्यामुळे बदनाम होतात.

‘वॉर्म’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी आला की सावध व्हा, पण तो निरर्थक आहे असं समजू नका. जाणकार माणूस तो दोन गोष्टींसाठी वापरतो. पहिली पट्ट्याची गोष्ट: साधारण १५० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडी भर आणि वरचा पट्टा किंचित उतरता. अशाने आवाज भरीव आणि सौम्य होतो, पेटी गोल वाजते. पण घुमणाऱ्या मंडपात नेमका हाच पट्टा शब्द गिळतो. घरच्या खोलीत जो वॉर्म वाटतो तोच सभामंडपात कोंदलेला वाटतो.

दुसरी गोष्ट तिसऱ्या घरातली आहे आणि ती गाणाऱ्यांना चटकन कळते. कुठलंही यंत्र मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर थोडे थोडे मिसळतं. मूळ सूर सा धरला तर दुप्पट म्हणजे तार सा, तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. हे सगळे सुराशी नातं असलेले स्वर, म्हणून थोडे मिसळले तर कानाला खटकत नाहीत, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. काही जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) यंत्रांचा गोडवा बराचसा त्या दुप्पटीतून येतो. सातपट कंपनांचा सूर मात्र कोमल निषादाच्या जवळ जातो पण त्यावर बसत नाही, अकरापट शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे अडकतो. अॅम्प्लिफायरची ताकद संपली की तो सुराच्या लहरीचा माथा कापायला लागतो, आणि त्या कापण्यातून तीन, पाच, सात, नऊ, अकरा असे विषम पटींचे सूर बाहेर पडतात. आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो तो हाच. फाटणं म्हणजे बेसुर स्वरांची अख्खी रांग गाण्यात घुसणं. इक्वलायझरने हे काढता येत नाही. आवाज कमी करणं किंवा ताकद वाढवणं एवढंच हातात असतं.

ताकदीबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ५०० वॉटच्या जागी १००० वॉट घेतल्याने आवाज दुप्पट होईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. ज्यादा वॉट घ्यायचे ते फाटू नये म्हणून.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आपल्याकडे आवाजाचं वर्णन करण्याची परंपरा जुनी आणि काटेकोर आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकरात गळ्याच्या नादाचे १५ गुण आणि ८ दोष नावानिशी दिले आहेत. गुणांत मधुर, कोमल, गाढ, घन, स्निग्ध येतात, दोषांत रूक्ष, स्फुटित, निःसार, कृश, भग्न. आजही तुम्ही बुवांसमोर हे शब्द उच्चारलेत तर बहुतेकांचा अर्थ सांगावा लागणार नाही. पण ही सगळी भाषा गाणाऱ्यासाठी आहे. गाणाऱ्याचा गळा मधुर असणं हा गुण. स्पीकर मधुर असणं हा दोष.

स्पीकरचं काम असं की घोगऱ्या गळ्याचे बुवा घोगरे ऐकू यावेत, किनऱ्या आवाजाचा मुलगा किनरा ऐकू यावा, आणि दोन पेट्या वाजवल्या तर कुठली कुठली ते कळावं. ज्या स्पीकरवर सगळेच गोड वाजतात त्याने सगळ्यांवर एकच रंग फासलेला असतो. पहिल्या दिवशी तो आवडतो, महिन्याभरात कंटाळा येतो, कारण प्रत्येक भजन सारखंच ऐकू यायला लागतं. म्हणून डेमोत मी कधीच ‘कसा वाटतो?’ असं विचारत नाही. ‘मूळ आवाजापेक्षा वेगळं काय झालं?’ असं विचारतो. घरी गाणी ऐकणाऱ्याला मूळ आवाज कधी मिळत नाही. तुम्हाला मिळतो, बुवा समोर बसलेले आहेत. माईक बंद करून त्यांना एक ओळ म्हणायला सांगा, तीन-चार हातांवरून ऐका. मग तीच ओळ माईकवर. काय जाड झालं, काय पातळ झालं, ‘स’ टोचायला लागला का, ‘ह’ नाहीसा झाला का? अशा वेळी लोकांच्या तोंडून निघणारे शब्द फार नेमके असतात, कारण शब्दाच्या मागे तुलना असते.

तुलना नसली की कान किती फसतो याचं उदाहरण इतिहासात आहे. १९१५ पासून काही वर्षं एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत कार्यक्रम केले. मंचावर गायक आणि शेजारी फोनोग्राफ, अंधारात गायक मधेच थांबणार, आणि लोकांना कळत नसे की आता कोण गातंय. तेव्हा विजेवर चालणारा माईक रेकॉर्डिंगला आलेलाही नव्हता, तो १९२५ पासून रुळला. त्याआधीच्या तबकड्यांत खालचा आणि वरचा पट्टा जवळजवळ नव्हता. तरी लोकांनी हुबेहूब म्हटलं, कारण त्यांच्या कानांनी त्याहून चांगलं यंत्र ऐकलेलंच नव्हतं.

आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत गेली. ते मूळ ध्वनिमुद्रण ७८ आरपीएमच्या काळातलं, साडेतीन मिनिटांत बसवलेलं. वरचा पट्टा तोकडा आहे, खरखर आहे. पण आकार किती मोकळा लागलाय आणि दम कुठपर्यंत टिकलाय ते स्पष्ट कळतं. खरखर तिसऱ्या घरातली, तिच्यामुळे दुसऱ्या घराचं, म्हणजे सूर उठण्या-थांबण्याचं, फारसं बिघडत नाही. खरखर साफ करून देणारे बरेचदा गळ्याची धारही पुसून टाकतात, आणि ते मला सहन होत नाही.

वरच्या पट्ट्यातले शब्द भराभर सांगतो. ‘नाकातला’ म्हणजे मधलाच पट्टा उरलाय, वरचं-खालचं गेलंय. जुन्या टेलिफोनला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा मिळायचा, आणि उत्सवाच्या कर्ण्याचाही प्रकार तोच. शब्द कळतात, गळा ओळखू येत नाही. ‘क्लॅरिटी’ म्हणून दुकानात जे विकतात ते पुष्कळदा २ ते ५ हजार हर्ट्झमधली भर असते. आपला कान ३-४ हजारांच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो, त्यामुळे तिथे थोडं वाढवलं की पाच मिनिटं सगळं लख्ख वाटतं, आणि तासाभराने डोकं दुखतं. भजनात झांजा याच्या वरच्या भागात वाजत असतात. झांजांना वेगळा माईक देऊ नका. बुवांच्या माईकमध्ये त्या जेवढ्या शिरतात तेवढ्या पुरतात.

‘एअर’ म्हणजे १० हजार हर्ट्झच्या वरचा पट्टा, ज्याने वाद्याभोवतीची मोकळी हवा जाणवते. तो खरा आहे, पण वयाबरोबर वरचं ऐकू येणं कमी होत जातं आणि साठीच्या पुढे बऱ्याच जणांना तो पट्टा जवळजवळ नसतोच. म्हणजे तुमच्या समितीतली तरुण मुलं आणि ज्येष्ठ मंडळी दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. वाद घालण्यात अर्थ नाही. मी एअरऐवजी तंबोरा ऐकायला सांगतो, कारण तो सगळ्यांना ऐकू येतो. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घासणी) नीट काढलेल्या तंबोऱ्यात तार छेडल्यावर एकामागून एक वरचे स्वर उमलत जातात. चांगल्या स्पीकरवर ते उमलणं ऐकू येतं आणि गंधार स्पष्ट वेगळा काढता येतो. मंद स्पीकरवर नुसता गुणगुणाट राहतो. टोचणाऱ्या स्पीकरवर तारेचा खणखणाट पुढे येतो आणि आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तुटते. मात्र हे रेकॉर्डिंग मूळ फायलीवरून वाजवा. व्हॉट्सअॅपवरून चार हात फिरून आलेल्या फायलीत झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, आणि तो दोष बिचाऱ्या स्पीकरच्या माथी जातो.

डेमोच्या दिवशी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दोन्ही सेटचा आवाज सारखा मोठा असला पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला खालचा पट्टा आणि काही प्रमाणात अगदी वरचाही कमी ऐकू येतो. तोच स्पीकर हळू लावला तर पातळ, मोठा लावला तर भरीव. एक-दोन डेसिबलचा फरक माणसाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘जास्त चांगला’ म्हणून कळतो. मोबाइलवर डेसिबल दाखवणारं अॅप घ्या, एकाच जागी धरून दोन्ही सेट सारखे करा, आणि कुठला कुठला ते ऐकणाऱ्यांना सांगू नका. कागदावर प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहावं. मग सगळे कागद वाचून तीन घरांत वाटा. बहुतेक वेळा भांडणारे दोघं एकाच दोषाला दोन नावं देत होते हे तिथल्या तिथे दिसतं.

तिसऱ्या घरातलं उरलेलं थोडक्यात. सतत ‘गूं’ येत असेल तर ती ५० हर्ट्झची वीज आहे, अर्थिंग आणि वायरींचे रस्ते बघा. ‘झर्र’ येत असेल तर बहुधा दिव्यांचा डिमर. बटण फिरवताना ‘खर्र’ होत असेल तर आपल्या पावसाळी हवेने आतल्या पट्टीवर गंज आणि मळ धरलाय, साफ करून मिळतो. ठराविक सुरावरच ‘घरघर’ येत असेल तर स्पीकरच्या कोनच्या (पुढे हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम कुजला आहे का ते हात लावून पाहा. समुद्राकडच्या गावांत तो लवकर जातो. घेतानाच रबरी कडेचे स्पीकर मागा.

दुकानदारांना आता असं लिहून द्या: बोललेला शब्द शेवटच्या रांगेत कळला पाहिजे, डग्ग्याची मींड गुणगुणता आली पाहिजे, बुवांचा गळा माईकविना जसा आहे तसा ओळखू आला पाहिजे, आणि २ तास ऐकून कोणाचं डोकं दुखता कामा नये. डेमो भजनाच्या दिवशी, माणसं बसलेली असताना, दारं उघडी ठेवून. आणि मला मंडपाची लांबी, रुंदी, उंची, छप्पर कशाचं आहे, खांब किती अंतरावर आहेत आणि उघडणाऱ्या दारं-खिडक्यांचं माप पाठवा. त्यावरून कॉलम कुठल्या खांबांवर लावायचे आणि मागच्या जोडीला किती डिले द्यायचा ते काढून देतो.